अकरा नंबरचं बाड

ओलं लाकूड चिरलं का रडते. वाळू दे, मंग चूप होते.

*

अर्थसंकल्पावर मान्यवरांच्या प्रतिक्रिया : "अर्थसंकल्पाला आशय आहे, पण घाट नाही." – डॉ. यशवंत पडोळे, ज्येष्ठ समीक्षक.

*

मुलींच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये गुरुवारी पिठलं असे. एका गुरुवारी मी पिठलं चुकवलं.

*

नियम पाचवा : प्रत्येक बाडासोबत लेखकाचे नाव असलेले बंद पाकीट जोडावे. पाकीट फक्त विजेत्याचे फोडले जाईल.

*

नागपूरच्या उन्हाळ्यात बाहेर पडताना लोक खिशात कांदा ठेवतात. कांदा ऊन ओढून घेतो म्हणतात. विद्वानही ठेवतात.

*

आशयशैथिल्य : कादंबरी आवडली नाही, पण का ते सांगता येत नाही, तेव्हा वापरायचा शब्द. (ही व्याख्या माझी. सरांची व्याख्या म्हणजे एक अख्खं पुस्तक आहे. चार आवृत्त्या.)

*

कुलरमधलं पाणी संपलं तरी पंखा फिरतच राहतो. आवाज तोच असतो.

*

"अकराचं सांगू नका," सर म्हणाले. "ते तिथेच ऐकू."

आम्ही ऑटोत होतो. धरमपेठेतून बर्डीकडे निघालो होतो. मे महिन्यातली दुपार. सरांनी पांढरा दुपट्टा डोक्याकानांवरून गुंडाळला होता आणि त्यातून फक्त त्यांचा प्रसिद्ध चष्मा दिसत होता. खिशात कांद्याचा फुगवटा. आज त्यांनी अत्तर लावलं होतं. अत्तर आणि कांदा असा तो वास मला अजून येतो.

"बरं, सात?"

"'मृगजळाची सावली'. पहिल्या क्रमांकासाठी सुचवलंय, सर."

"मी?"

"हो, तुम्ही."

"का बरं सुचवलं मी?"

"आशयघनता. शिवाय त्यात कुणी रडत नाही."

"उत्तम. आणि चार?"

"आशयशैथिल्य."

"सहा?"

"आशयशैथिल्य. पण आश्वासक."

सर दुपट्ट्याच्या आत मान हलवत होते. परीक्षेला जाताना रस्त्यात उजळणी करणाऱ्या मुलासारखे. फरक इतकाच की परीक्षा घेणारे तेच होते.

पद्धत अशी होती. कुठल्याही स्पर्धेची बाडं सरांच्या घरी यायची. सर ती सुतळीसकट माझ्या हवाली करायचे. सोबत कोरे लेटरहेड, तळाशी सही केलेले. मी बाडं वाचायची आणि लेटरहेडवर सरांचं मत टाइप करायचं, मजकूर सहीला नेमका टेकेल अशा बेतानं. मग ते परस्पर प्रकाशकाकडे किंवा विद्यापीठात पोचतं करायचं. माझ्याआधी हे काम देऊळकर करायचे. ते आता विभागप्रमुख आहेत आणि त्यांचे कोरे लेटरहेड त्यांच्या विद्यार्थिनींकडे असतात. मराठी समीक्षेची परंपरा ही अशी अखंड आहे.

सर वाचत नसत, हे मी वाईट अर्थानं सांगत नाही. त्यांना वेळ कुठे होता? सकाळी आकाशवाणी, दुपारी एखाद्या पुस्तकाचं प्रकाशन, संध्याकाळी कुणाची तरी शोकसभा. मोठं धरण फुटो की क्रिकेटची टीम हरो, वर्तमानपत्रवाले सरांना फोन करत आणि सर घाट आणि आशय यांच्या भाषेत दोन वाक्यं देत. 'अश्रूंचा सुकाळ' हा लेख त्यांनी तरुणपणी लिहिला होता. मराठी कादंबरी रडून रडून ओली झाली आहे, तिला आता उन्हात घाला, असं त्यात म्हटलं होतं. त्या एका लेखावर ते पंचवीस वर्षं मोठे होत गेले. पात्राच्या डोळ्यांत पाणी दिसलं की लेखकाचे हातपाय थरथरावेत, अशी त्यांनी दहशत बसवली होती.

माझा प्रबंध त्यांच्या टेबलावर पडून होता. 'मराठी कादंबरीतील आशयशैथिल्य : एक चिकित्सा'. त्यावर ते पाण्याचा तांब्या ठेवत. वरच्या पानावर गोल उमटला होता. "या स्पर्धेचं आटोपलं की सही करतो, कोहपरे," असं ते म्हणाले होते. तेव्हा त्या दुपारी पणाला काय लागलं होतं, ते उघड आहे. परीक्षणं मी लिहिते हे त्या खोलीत कुणाला कळलं असतं, तर सरांचं नाव आणि माझा प्रबंध एकाच नाल्यातून वाहून गेले असते.

"अकराचं का नको, सर?" मी विचारलं.

"उत्सुकता," सर म्हणाले. "माणसाला एखादी तरी गोष्ट पहिल्यांदा ऐकायला मिळावी."

*

*सभेचा वृत्तान्त. पळस प्रकाशन नवलेखक कादंबरी स्पर्धा. श्री. नाना डांगरे यांनी परीक्षकांचे स्वागत केले.*

म्हणजे नाना म्हणाले, "या डॉक्टरसाहेब, या. बाप्पा, काय ऊन पडून राहिलं! कांदा आणला का नाही? बसा नं, कुलरसमोर बसा."

नानांचं दुकान खाली होतं, तिथे दहावी-बारावीची गाइडं विकली जात. वरच्या खोलीत साहित्य. नाना स्वतःच सांगायचे, "गाइडात कमावतो, कादंबरीत बुडवतो. घरचे म्हणतात दारू प्या त्यापेक्षा."

दुसऱ्या परीक्षक आधीच येऊन बसल्या होत्या. प्रमिलाताई खानझोडे. चाळीसच्या वर कादंबऱ्या, ग्रंथालयांत ज्यांच्या प्रतींचे पुठ्ठे निघालेले असतात अशा. त्यांच्याबद्दल सरांनी एकदा लिहिलं होतं : 'श्रीमती खानझोडे यांच्या कादंबऱ्या दुपारी लिहिल्या जातात आणि दुपारीच वाचल्या जातात.' त्या वाक्यानंतर प्रमिलाताईंना कुणी व्यासपीठावर बोलावलं नाही. कादंबऱ्या मात्र खपत राहिल्या, दुपारी.

"नमस्कार, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "ही कोण?"

"माझी विद्यार्थिनी. कोहपरे. टिपणं घेईल."

"बस गं. पुडाची वडी घे. दुपारच्या कार्यक्रमात खायला मिळतं, तेवढाच फायदा."

सर हसले. आज ते सगळ्याला हसत होते.

*

*प्रत्येक बाडावरील दोन्ही परीक्षकांचे अभिप्राय वाचून दाखविण्यात आले.*

ही नानांची पद्धत. अभिप्राय बंद लिफाफ्यांत यायचे, नाना सगळ्यांसमोर फोडायचे आणि मोठ्यानं वाचायचे. चार नंबर, सहा नंबर, सात नंबर. सर प्रत्येक वेळी स्वतःचं मत पहिल्यांदाच ऐकत होते आणि मला म्हणावं लागेल, फार सुंदर ऐकत होते. योग्य जागी मान, योग्य जागी किंचित खंत.

"आता अकरा," नाना म्हणाले. "'वखार'. आधी ताईंचं."

सरांनी पाण्याचा पेला उचलला.

"'मी ही दोनदा वाचली,'" नाना वाचू लागले. "'दुसऱ्यांदा जास्त रडले. बक्षीस हिलाच द्या. माझ्या सगळ्या कादंबऱ्या हिच्यावरून ओवाळून टाकायला तयार आहे.' बस्स. एवढंच आहे."

सरांनी पेला न पिताच खाली ठेवला.

"वा," ते म्हणाले.

टिपणं घेता घेता मी थांबले. सर कधी 'वा' म्हणत नसत. मैफिलीतसुद्धा नाही.

"वाचा नाना," सर म्हणाले. "माझंही वाचा."

नानांनी लिफाफा फोडला. लेटरहेड उलगडलं. घसा साफ केला.

"'क्रमांक अकरा. प्रस्तुत कादंबरीत आशयशैथिल्य ठायी ठायी जाणवते. बल्लारशाकडील एक विधवा लाकडांची वखार चालवते, मुलाला शहरात शिकवते, शिकलेला मुलगा तिला ओळख दाखवत नाही, एवढ्या तुटपुंज्या ऐवजावर लेखिकेने (ही लेखिकाच असावी) वाचकाला सतत ओलसर ठेवण्याचा उद्योग केला आहे. मुलाच्या कॉलेजातील प्रसंग केवळ अश्रू काढण्यासाठी रचलेला असून त्यामागे कोणताही जगलेला अनुभव नाही. वामकुक्षी न लागणाऱ्या गृहिणींकडून अशा कादंबऱ्या नेहमीच लिहिल्या जातात. विचारार्थ घेऊ नये.' खाली सही."

कुलरचा आवाज येत होता.

तो मजकूर टाइप करताना मला काही विचार करावा लागला नव्हता. पाच वर्षं एकाच माणसाची वाक्यं टाइप केल्यावर बोटांना रस्ता पाठ असतो. 'वामकुक्षी' तर मला फारच साधलं असं वाटलं होतं.

कादंबरी मी गुरुवारी वाचायला घेतली होती. मेसची घंटा मला ऐकू आली नव्हती.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखादा माणूस आरशात बघतो आणि आरशातला आधी बोलतो, तसं काहीतरी.

"एकदम दोन टोकं झाली नं," नाना म्हणाले. "आता कसं करावं?"

"डॉक्टर," प्रमिलाताई म्हणाल्या, "हे तुम्ही लिहिलंय?"

"सही माझीच आहे."

"सही दिसते आहे मला. लिहिलंय का, विचारते."

सरांच्या पुढे दोनच वाटा होत्या. 'नाही' म्हटलं, तर पंचवीस वर्षांची सगळी परीक्षणं, प्रस्तावना, मलपृष्ठं त्या 'नाही'च्या मागोमाग खोलीबाहेर जाणार होती. आणि ते म्हणायचं कुणासमोर, तर प्रमिला खानझोडेंसमोर. मी माझ्या प्रबंधावरचा तो तांब्याचा गोल आठवत होते. मला वाटत होतं, माझंच सगळं जाणार आहे.

"मीच लिहिलंय," सर म्हणाले.

"वाचून?"

नानांनी वडी तोंडात टाकली होती, ती तिथेच थांबली.

सर उठून उभे राहिले.

*

लेखकपरिचय (सरांच्या सर्व पुस्तकांच्या मागच्या पानावरून) : जन्म चंद्रपूर जिल्ह्यात. बालपणापासून ग्रंथांच्या सहवासात.

*

*डॉ. पडोळे यांनी आपली भूमिका विस्ताराने मांडली.*

बाड टेबलावर होतं. सरांनी त्याला हात लावला नाही. ते खिडकीकडे तोंड करून बोलू लागले.

"कॉलेजचा प्रसंग घेऊ. तुम्ही तिथेच रडलात ना, प्रमिलाबाई?"

"तिथेच."

"मुलगा पायऱ्यांवर उभा आहे. सोबत त्याचे प्राध्यापक. त्याला नुकतं पदक मिळालं आहे. फाटकातून आई येते. नऊवारी, हाताला राळेचे डाग. हे डाग कधी जात नाहीत, रॉकेलनंसुद्धा नाही. प्राध्यापक विचारतात, 'या कोण?' मुलगा म्हणतो, 'या वखारवाल्या बाई. आमच्याकडे लाकडं देतात.' आई थांबते. आणि विचारते…"

इथे सरांचा आवाज बदलला. मी पाच वर्षं त्यांच्याकडे होते. माझ्या तोंडातलं 'काऊन' आणि 'मंग' त्यांनी पहिल्याच वर्षी काढून टाकलं होतं. अशा बोलीत विचार करता येत नाही म्हणाले होते. त्यांची स्वतःची मराठी इतकी धुतलेली होती की पुण्याचे लोकसुद्धा त्यांच्यासमोर जपून बोलत. त्या माणसाच्या तोंडून आमच्याकडची बाई बोलली. नक्कल नव्हती ती. नकलेत थोडं जास्त होतं, यात काहीच जास्त नव्हतं.

"'लाकडं कुठी टाकू, सायेब?'"

प्रमिलाताईंनी पदर तोंडाशी नेला.

"हातात लाकूड नाहीच," सर पुढे म्हणाले, पुन्हा शुद्ध. "हातात लाडवांचा डबा आहे. आणि इथे कादंबरी पडते. डबा कशाला? 'कुठी टाकू सायेब' एवढं पुरेसं होतं. पण लेखकाचा स्वतःच्या वाक्यावर विश्वास नाही, म्हणून त्यानं हुंदक्याची सोय म्हणून डबा ठेवला. मग तो डबा ती परत नेते, मग रेल्वेत उघडत नाही, मग घरी मुंग्या लागतात. डब्याची दोन पानं! माणूस किती वेळ एका डब्यामागे लपणार?"

मी लिहून घेत होते. हात आपोआप चालत होता. पण डोक्यात एक गोष्ट अडकली होती. माझ्या परीक्षणात डबा नव्हता. मुंग्या नव्हत्या.

"दुसरं," सर म्हणाले. "'ओलं लाकूड चिरलं का रडते. वाळू दे, मंग चूप होते.' हे वाक्य कादंबरीत तीनदा येतं. मजूर मरतो तेव्हा, मुलगा शहरात जातो तेव्हा, आणि शेवटी. पहिल्यांदा येतं तेव्हा ते आईचं आहे. दुसऱ्यांदा येतं तेव्हा लेखकाला ते आवडलेलं आहे. तिसऱ्यांदा येतं तेव्हा तो त्यावर चरितार्थ चालवतो आहे."

"डॉक्टर," प्रमिलाताई म्हणाल्या, "यातलं काही तुमच्या अभिप्रायात नाही."

"अभिप्रायाला जागा कमी असते."

"अभिप्रायात म्हटलंय, अनुभव जगलेला नाही. मला नाही तसं वाटत. मुलगा तसं म्हणतो ना, तेव्हा आधी बुटाची लेस बांधायला खाली वाकतो. वाकूनच म्हणतो. हे दुपारी बसून सुचत नाही. मला सुचलं असतं तर मी सोडलं असतं का?"

"कुठलाही मुलगा असं करत नाही," सर म्हणाले.

"करतात, डॉक्टर."

"करत असतील. लिहीत नाहीत."

"आणि कुणी लिहिलं तर?"

"तर एका ओळीत लिहावं आणि खाली सही करावी!" सरांचा आवाज चढला. "दीडशे पानं कशाला? आधीची शंभर पानं तो गरिबी सांगतो, म्हणजे आपण त्याला समजून घ्यावं. नंतरची पन्नास पानं पश्चात्ताप सांगतो, म्हणजे आपण त्याला माफ करावं. ही कादंबरी नाही, वकीलपत्र आहे. आणि आईचं काय? आई शेवटच्या पानावर तशीच उभी आहे, 'कुठी टाकू' विचारत. तिला उत्तर कुणी दिलं? या माणसाला आईविषयी लिहायचंच नव्हतं. त्याला स्वतःला सोडवून घ्यायचं होतं."

"माणूस?" प्रमिलाताई म्हणाल्या. "मघाशी तर गृहिणी होती."

खोलीत गरम हवा येऊ लागली होती. कुलरमधलं पाणी संपलं होतं, पंखा फिरत होता.

सर खिडकीकडेच बघत होते. बर्डीच्या रस्त्यावर उन्हात एक बाई छत्र्या विकत होती, ती मला आठवते. मग सर वळले. चष्मा काढला, दुपट्ट्याच्या टोकानं डोळे टिपले.

"कांदा," ते म्हणाले. खिशावर हात ठेवून. "खिशात कांदा आहे."

"डॉक्टर," प्रमिलाताई अगदी हळू म्हणाल्या, "कांदा चिरावा लागतो."

*

टाळ्या नानांनी वाजवल्या. एकट्यानंच.

"काय बोलले, बाप्पा! अंगावर काटा येऊन राहिला! डॉक्टरसाहेब, हे छापलंच पाहिजे!"

"कादंबरी?" प्रमिलाताईंनी विचारलं.

"नाही हो ताई, कादंबरी कोण वाचते? हे भाषण!"

*

*सर्वानुमते सात क्रमांकाच्या बाडास पारितोषिक देण्याचे ठरले.*

सर्वानुमते म्हणजे प्रमिलाताई म्हणाल्या, "द्या कुणालाही." पाकीट फोडलं. भंडाऱ्याकडचे एक तलाठी निघाले. 'मृगजळाची सावली' यथावकाश छापली गेली आणि नानांच्या गोदामात पडून राहिली. तिनं कुणालाही रडवलेलं नाही.

निघताना सरांनी टेबलावरून अकरा नंबरचं बाड उचललं. त्याला टाचलेलं बंद पाकीट काढलं आणि कुर्त्याच्या खिशात टाकलं, कांद्यासोबत.

"अहो सर," नाना म्हणाले, "नापास बाडं आम्ही पोस्टानं पाठवतो नं. ते पाकीट फोडून पत्ता…"

"नियम पाच," सर म्हणाले. "पाकीट फक्त विजेत्याचं. मी पोचवतो."

"पत्ता माहीत आहे वाटतं, डॉक्टर?" प्रमिलाताईंनी विचारलं.

"रस्त्यातच आहे."

प्रमिलाताई उठल्या. पिशवीतून रुमालात बांधलेल्या वड्या काढून त्यांनी सरांच्या हातात दिल्या. नको नको म्हणायची वेळ सरांवर आली नाही, कारण त्या सरळ म्हणाल्या, "न्या. आणि डबा परत करायची भानगड नाही यात."

जिन्यात त्या माझ्या शेजारून गेल्या. माझ्या हातातल्या वहीकडे, मग बोटांकडे त्यांनी पाहिलं. टायपरायटरच्या रिबनची शाई नखांत बसते. तीही लवकर जात नाही.

"हुशार आहेस," त्या म्हणाल्या. "सांभाळ."

*

परतीच्या ऑटोत सर दुपट्टा न गुंडाळताच बसले होते. बाड मांडीवर. गरम वारा थेट तोंडावर येत होता.

मी म्हटलं, "सर, चुकलं का माझं काही?"

"नाही," सर म्हणाले. "उत्तम लिहिलंय. हुबेहूब माझ्यासारखं."

मला ती शाबासकी वाटली. मी थँक यू म्हणाले.

धरमपेठेत उतरताना त्यांनी मला विचारलं, "राळेचे डाग खरंच जात नाहीत का हो, कोहपरे? तुम्ही तिकडच्या ना?"

"खोबरेल लावून घासलं की जातात, सर."

"असं होय," सर म्हणाले. त्यांनी फाटकाची कडी धरली. "हे कुणी सांगितलंच नाही."

*

माझ्या प्रबंधावर पुढच्याच आठवड्यात सही झाली. सरांनी त्याला 'शिस्तीचा नमुना' म्हटलं.

सरांचं त्या दुपारचं भाषण माझ्या टिपणांवरून लेखरूपात छापलं गेलं. 'एका अप्रकाशित कादंबरीचे शवविच्छेदन'. मराठी समीक्षेतला तो उत्कृष्ट लेख मानला जातो, आणि मीही मानते. सरांनी स्वतः वाचून केलेली ती एकमेव समीक्षा आहे. त्या लेखामुळे त्यांना पुढे दोन पुरस्कार, एक अध्यक्षपद आणि अमृतमहोत्सवी गौरवग्रंथ मिळाला. गौरवग्रंथात देऊळकरांनी लिहिलं, 'सरांचा प्रत्येक शब्द वाचलेला असतो.' वाक्य बहुधा त्यांच्या विद्यार्थिनीनं टाइप केलं असावं.

सरांच्या शोकसभेत मीच बोलले. कुठल्या तरी वार्ताहरानं प्रतिक्रिया विचारली, तेव्हा 'आशय' हा शब्द माझ्या तोंडून गेला. प्रमिलाताई पहिल्या रांगेत होत्या, खूप थकलेल्या. त्या रडल्या. त्यांना रडायचं भय कधीच नव्हतं.

'वखार' सरांच्या घरात सापडली नाही. त्यांच्या मुलाला मी विचारलं होतं. तो म्हणाला, बाबा असलं काही लिहीत नसत.

आता मी विभागात तोच लेख शिकवते. अभ्यासक्रमात आहे. दर वर्षी वर्गातलं कुणीतरी हात वर करतं. या वर्षी गडचिरोलीकडची एक मुलगी होती.

"मॅडम, ही 'वखार' कुठी भेटन वाचायला?"

"मिळत नाही."

"मंग यात लिहिलेलं बरोबर आहे का नाही, हे कसं समजन?"

"परीक्षेत ते विचारत नाहीत," मी म्हणाले.

वर्ग हसला. ती हसली नाही. तिनं वहीत काहीतरी लिहिलं. मी तिची भाषा दुरुस्त केली नाही, एवढं मात्र खरं.

*

त्या स्पर्धेची बाडं माझ्या हवाली करताना सरांनी अकरा नंबरचं बाड गठ्ठ्यातून वेगळं काढून वर ठेवलं होतं आणि म्हटलं होतं, "या एकावर माझं मत नको, कोहपरे. तुमचं लिहा."